शाळांना विकले जाणारे ‘मनोबल’ कार्यक्रम: काय घ्यावं, काय परत पाठवावं

दिवाळीची सुट्टी संपली की मुंबईतल्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर माहितीपत्रकं साचायला लागतात. ‘रेझिलिअन्स वर्कशॉप’, ‘ताणमुक्त दहावी’, ‘विद्यार्थी मनोबल अभियान’. प्रिलिम तोंडावर आलेली असते, पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत कुणीतरी ‘मुलांच्या मनासाठी शाळा काय करते?’ असं विचारलेलं असतं, आणि हॉल रिकामा असलेला एक शनिवार सापडतो. चेक फाटतो. हे परीक्षण त्या चेकवर सही करणाऱ्यांसाठी आहे: मुख्याध्यापक, विश्वस्त आणि संघातले पालक.

कंपन्यांची नावं इथे देत नाही, कारण एकच माल वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. प्रकार तीनच. हॉलमधला दोन तासांचा कार्यक्रम, वर्षभर तासिकांमधून चालणारा अभ्यासक्रम, आणि मोबाइलवरचं ॲप. निकाल आधीच सांगतो. पहिला घेऊ नका. दुसरा घ्या, पण तुमच्याच शाळेतला एखादा माणूस त्यातून तयार होणार असेल तरच. तिसऱ्याचा विचार बाकी सगळं जागेवर आल्यानंतर.

हॉलमधला कार्यक्रम

तीनशे मुलं सतरंजीवर, समोर प्रोजेक्टर, वक्त्याच्या कॉलरला माइक. सुरुवातीला टाळ्यांचा खेळ, मग अडचणींवर मात करून शिखर गाठलेल्या कुणाचा तरी व्हिडिओ, मग ‘मी करू शकतो’ तीन वेळा मोठ्याने, शेवटी संकल्पपत्र आणि बॅनरसमोर फोटो. मुलांना मजा येते, हे खरंच आहे. अभ्यास बुडतो, वक्ता विनोदी असतो. कार्यक्रम संपल्या संपल्या हसऱ्या चेहऱ्यांचा अभिप्राय फॉर्म वाटला की नव्वद टक्के मुलं सगळ्यात हसरा चेहरा रंगवतात. तोच फॉर्म पुढच्या शाळेला दाखवला जातो.

बिघाड कुठे होतो ते पाहू. वडिलांची नोकरी गेलेली, पुनर्विकासात घर सुटून ट्रान्झिट कॅम्पात आलेली, आजारी आईचं सगळं करून शाळेत येणारी मुलं त्या हॉलमध्ये असतात. त्यांना दोन तास ऐकू येतं ते एवढंच की जिद्द असेल तर सगळं जमतं. म्हणजे आपल्याला जमत नाही याचा अर्थ आपल्यातच काहीतरी कमी आहे. आधीच खचलेल्या मुलाच्या खांद्यावर हे आणखी एक ओझं.

त्याहून वाईट म्हणजे ‘हात वर करा, कोणाकोणाला भीती वाटते?’ हा प्रकार. एखादी आठवीतली मुलगी त्या वातावरणात भारावून माइकवर घरची गोष्ट बोलून जाते. तीनशे जणांनी ती ऐकलेली असते, मधल्या सुट्टीपर्यंत ती शाळाभर झालेली असते, आणि वक्ता तोवर पुढच्या शाळेच्या टॅक्सीत. सोमवारी त्या मुलीशी कोण बोलणार, हे कुणी ठरवलेलंच नसतं. माहितीपत्रकात ‘मुलं खुलून बोलतात’ असं लिहिलं असेल तर विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: बोलल्यावर पुढे काय?

संशोधन यावर बरंच स्पष्ट आहे. हवाई बेटांमधल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणं, पालकांचं व्यसन किंवा मानसिक आजार असं बरंच काही एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं नीट, सक्षम मोठी झाली. त्यांच्यात वारंवार दिसलेली गोष्ट म्हणजे भरवशाचा निदान एक मोठा माणूस: आजी, शेजारीण, शिक्षक, कुणीही. मुलाची स्वतःची प्रकृती आणि कौशल्यंही मोजली गेली, ती महत्त्वाची आहेतच. पण तो माणूस दोन तासांच्या कार्यक्रमातून मिळत नाही, आणि शाळेच्या हातात सगळ्यात जास्त आहे ते नेमकं तेच.

तासिकांमधला अभ्यासक्रम

इथे खरेदीला अर्थ आहे, म्हणून जरा थांबून बोलू. दहा ते बारा सत्रं, प्रत्येकी एक तासिका, एका वर्गाला आठवड्यातून एकदा. हा सर्वसाधारण साचा.

नुसतं वर्गात शिकवलं म्हणजे झालं, असंही नाही. ब्रिटनमध्ये माध्यमिक शाळांत माइंडफुलनेस, म्हणजे शांत बसून श्वासावर आणि चालू क्षणावर लक्ष ठेवणं, शिकवण्याची ‘मिरियड’ नावाची मोठी चाचणी झाली. ८,००० हून अधिक मुलं होती, शिक्षकांना प्रशिक्षण दिलेलं होतं, आणि २०२२ मध्ये आलेल्या निकालात नेहमीच्या शिकवण्यापेक्षा त्याचा फायदा दिसला नाही. अनेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. डोळे मिटून बसणं सगळ्या वर्गाला सरसकट शिकवून मन घट्ट होत नाही.

आपल्याकडचं उदाहरण जास्त बोलकं आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ‘सेहेर’ हा संपूर्ण शाळेसाठीचा कार्यक्रम तपासला गेला आणि २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. काही शाळांत तो कार्यक्रम प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकाने (म्हणजे मानसोपचारातला तज्ज्ञ नसलेल्याने) चालवला, काहींत शाळेतल्याच शिक्षकाने. समुपदेशक असलेल्या शाळांत शाळेचं वातावरण सुधारलं, दादागिरी आणि उदासीनता कमी झाली. शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत फरक पडला नाही. कार्यक्रम तोच होता. फरक इतकाच, की एकाकडे त्याच कामासाठी वेळ होता आणि मुलांच्या लेखी तो गुण देणारा, ओरडणारा माणूस नव्हता. मराठी, इतिहास, निवडणुकीचं काम आणि ऑनलाइन माहिती भरणं सांभाळणाऱ्या बाईंच्या गळ्यात हेही घातलं तर ते होत नाही, यात बाईंचा दोष नाही.

म्हणून विक्रेत्याला विचारायचं ते असं: सत्रं कोण घेणार, त्याचं शिक्षण काय, आणि सत्र नसलेल्या दिवशी तो कुठे असतो? मानसशास्त्र किंवा समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि देखरेखीखाली मुलांबरोबर केलेलं काम, एवढं किमान हवं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी असते. नोंदणी क्रमांक मागा, लाजू नका. दोन दिवसांचा ‘सर्टिफाइड कोच’ वर्गात खेळ घेऊ शकतो, पण मूल रडायला लागल्यावर त्याची पंचाईत होते.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा. विद्यार्थी त्याहून कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडणी असावी. ‘आमची कार्यशाळा घेतली की नियमाची पूर्तता होते’ असं कुणी सांगत असेल तर दार दाखवा.

आता हिशोब. आठवी ते दहावीच्या मिळून आठ तुकड्या, प्रत्येकीला बारा सत्रं, म्हणजे ९६ तासिका. एक माणूस दिवसाला चार तासिका धड घेऊ शकतो. पाचवीला तो थकलेला असतो आणि मुलांना ते कळतं. म्हणजे २४ पूर्ण दिवस. कोटेशनमध्ये आठ तुकड्यांसाठी दहा-बारा दिवस दिसले तर दोन तुकड्या एकत्र बसवणार हे ओळखा. साठच्या वर्गात आधीच कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. एकशे वीसमध्ये तो पुन्हा हॉलचाच कार्यक्रम होतो. उलट करायला हवं. निम्मा वर्ग चित्रकलेला किंवा पीटीला, निम्मा सत्राला, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. तीस मुलं ही वरची मर्यादा. याने दिवस दुप्पट होतात, म्हणून सगळ्या इयत्ता एकदम न घेता आठवीपासून सुरू करणं शहाणपणाचं.

वेळही महत्त्वाची. जानेवारीत काही सुरू करू नका. दहावीची मुलं तेव्हा सराव परीक्षांत बुडालेली असतात आणि नवीन सवय रुजायला आठवडे लागतात. जून-जुलैत सुरुवात करून सहामाहीच्या आधी आठ सत्रं, दिवाळीनंतर उरलेली, हा क्रम मुंबईच्या शाळेत बसतो. पावसात एक-दोन दिवस बुडणारच आणि गणपतीत हजेरी घटणारच, तेवढे दिवस करारात जास्तीचे धरा. दोन अधिवेशनांची शाळा असेल तर दुपारच्या शेवटच्या तासिकेला हे ठेवू नका. मुलं घड्याळाकडे बघत असतात, आणि काही निघालंच तर बोलायला पाच मिनिटंही उरत नाहीत.

सत्रात काय पाहावं

करार करण्याआधी एक सत्र मागच्या बाकावर बसून बघा. विक्रेता तयार होत नसेल तर तेवढ्यावर निर्णय घेतलात तरी चालेल.

पहिल्याच सत्रात गुप्ततेची हद्द सांगितली जाते का, हे ऐका. ‘इथे बोललेलं कुणालाच कळणार नाही’ हे वाक्य ऐकू आलं तर लाल दिवा. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यावर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला ती देणं पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार बंधनकारक आहे, आणि न देणं हा गुन्हा आहे. मुलाला वचन देऊन ते मोडलं की तो पुन्हा कधीच कुणाकडे जात नाही. बरोबर वाक्य साधारण असं असतं: ‘तुम्ही सांगाल ते माझ्यापाशी राहील. फक्त तीन वेळा मला दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगावं लागेल: तुम्हाला कुणी इजा करत असेल, तुम्ही स्वतःला इजा करणार असाल, किंवा दुसऱ्या कुणाला. आणि सांगण्याआधी मी तुम्हाला सांगेन.’ वर्गाच्या भाषेत, घाई न करता, दोनदा.

मग भाषा. भावनांचे तक्ते बहुतेक इंग्रजीतून उतरवलेले असतात, खाली ‘चिंताग्रस्त’, ‘भारावलेला’ असे शब्द चिकटवलेले. सातवीतलं मूल असं बोलत नाही. ते म्हणतं, पोटात गोळा येतो, डोकं जड होतं, घरी जावंसं वाटत नाही, कशात लक्ष लागत नाही. चांगला माणूस शरीरापासून सुरुवात करतो आणि मुलांचे शब्द फळ्यावर तसेच लिहितो. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजरातीसह आठ माध्यमांत चालतात. गोवंडीच्या उर्दू शाळेत मराठी तक्ता आणि परळच्या मराठी शाळेत हिंदी व्हिडिओ नेणाऱ्याने तयारी केलेली नाही.

श्वासाचा व्यायाम जवळपास प्रत्येक कार्यक्रमात असतो आणि बऱ्याचदा चुकीचा शिकवला जातो. ‘खोल श्वास घ्या, अजून खोल, अजून!’ असं माइकवर ओरडलं की मुलांची चढाओढ लागते. भराभरा मोठे श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, आणि आधीच घाबरलेल्या मुलाला वाटतं की आपल्याला काहीतरी झालं. बरोबर पद्धत कंटाळवाणी दिसते. एक हात पोटावर, नाकाने चार मोजेपर्यंत सहज श्वास आत, सहा मोजेपर्यंत हळू बाहेर. छाती फुगवायची नाही. दहा वेळा केलं की जेमतेम पावणेदोन मिनिटं होतात, तेवढं पुरे. डोळे मिटण्याची सक्ती नको. घरी मार खाणाऱ्या मुलाला डोळे मिटून बसणं असह्य होऊ शकतं, त्याने बाकाच्या कडेकडे पाहिलं तरी चालतं. आणि हा व्यायाम पेपरच्या सकाळी पहिल्यांदा करून उपयोग नसतो. रोज शाळेच्या घंटेनंतर केलेला असेल तरच शरीराला तो ओळखीचा असतो.

ज्यासाठी पैसे द्यावेत असा खरा भाग म्हणजे अडचण सोडवण्याचा सराव. दिल्लीतल्या सरकारी शाळांत ‘प्राइड’ प्रकल्पात अशीच छोटी, अडचण सोडवण्यावर बेतलेली भेट-मालिका प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांनी घेतली, तीन आठवड्यांत चार-पाच भेटी. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींची तीव्रता नुसती पुस्तिका दिलेल्या मुलांपेक्षा जास्त कमी झाली. मानसिक लक्षणांवर मात्र सहा आठवड्यांनी तसा ठळक फरक दिसला नव्हता. म्हणजे हत्यार उपयोगी आहे, जादूचं नाही. तसं सांगणारा विक्रेता भेटला तर त्याला चहा पाजा.

वर्गात हे असं दिसतं. कागद आडवा धरून तीन रकाने. पहिल्यात अडचण, एका वाक्यात, आणि मोजता येईल अशी. ‘माझा अभ्यास होत नाही’ चालत नाही. ‘संध्याकाळी सात ते दहा घरात टीव्ही चालू असतो, खोली एकच आहे’ हे चालतं. दुसऱ्या रकान्यात किमान पाच पर्याय, त्यातला एक मुद्दाम वेडगळ, म्हणजे डोकं मोकळं होतं. सकाळी पाच ते सात बसणं. शाळेत अर्धा तास आधी येणं. मंडळाच्या अभ्यासिकेत नाव घालणं. मालिकेच्या वेळेत पाठांतर आणि गणित पहाटे, अशी विभागणी. टीव्ही गच्चीवर नेऊन ठेवणं. प्रत्येकापुढे एक फायदा, एक अडसर. तिसऱ्या रकान्यात एकच पर्याय, त्याचा वार, वेळ, आणि कुणाला विचारावं लागेल. पुढच्या आठवड्यात पहिली दहा मिनिटं त्याचाच हिशोब: केलं का, काय अडलं, आता दुसरा पर्याय कोणता.

बहुतेक ठिकाणी हे दुसऱ्या रकान्यातच बिघडतं. मूल अडलं की मोठा माणूस पर्याय सुचवतो, मूल मान डोलावतं, घरी जाऊन काही करत नाही. शिकवणाऱ्याने इथे गप्प बसता यायला हवं. दुसरा बिघाड म्हणजे ज्या अडचणी मुलाच्या हातातल्याच नाहीत त्याही या कागदावर बसवणं. वडिलांचं पिणं, भाडं थकणं, घरातली मारहाण. तिथे मुलाला ‘तू काय करू शकतोस’ विचारणं क्रूर आहे. त्या कागदावर एकच रकाना असतो: हे कुणाला सांगायचं.

परीक्षेतलं अपयश हा सत्राचा विषय असतोच, आणि तिथे थोर लोक शाळेत कसे नापास झाले होते त्या कथा सांगितल्या जातात. त्याऐवजी वाटा सांगा. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीत प्रवेश मिळू शकतो. पुरवणी परीक्षा त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात होते, वर्ष थांबत नाही. गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत, पुनर्मूल्यांकन यांचे अर्ज ठरावीक मुदतीत करावे लागतात. शाळा सुटलेल्याला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, मुक्त विद्यालय आहे, आयटीआय आहे. हे सगळं एका पानावर छापून निकालाच्या आधी मुलांच्या आणि आयांच्या हातात द्या. निकालाच्या दिवशी दुपारी एक ते सहा शाळेत एक शिक्षक आणि समुपदेशक बसलेले असतील, हेही त्याच पानावर.

खोली, पेटी, आणि कागदपत्रं

वर्गातल्या सत्रानंतर काही मुलं एकटं बोलायला येतात. ती येणार नसतील तर सत्र फसलं. मुंबईच्या शाळेत खोली हीच मोठी अडचण, तेव्हा प्रयोगशाळेचा कोपराही चालेल. अटी अशा: बाहेरून दिसावं पण ऐकू येऊ नये, मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून नसावी, खुर्च्या समोरासमोर नकोत, थोड्या तिरक्या असाव्यात. भेटीची वेळ पीटीच्या तासाला देऊ नका. मुलाला तीही शिक्षा वाटते. आणि वर्गात येऊन शिपायाने नाव पुकारायचं नाही, त्यापेक्षा चिठ्ठी परवडली.

चिठ्ठीपेटी बहुतेक शाळांत भिंतीवर लागलेली असते आणि बहुतेक ठिकाणी ती मेलेली असते. किल्ली कुठे आहे हे क्लार्कलाही आठवत नाही. पेटी चालवायची तर दर सोमवारी आणि गुरुवारी, ठरलेल्या दोघांनी मिळून उघडायची, त्यातली एक बाई. वहीत तारीख आणि काय केलं ते लिहायचं, मुलाचं नाव नाही. तातडीचं त्याच दिवशी. पेटी स्टाफरूमच्या दारात नको, जिन्याच्या वळणावर, पाणपोईजवळ, जिथे मूल थांबलं तरी कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. वर्गशिक्षकाला चिठ्ठ्या दाखवू नका, अक्षर ते लगेच ओळखतात.

करारासोबत एक लेखी पान मागा: मूल ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणालं तर कोण काय करणार. ते पान नसेल तर पुढे बोलूच नका. त्यात एवढं तरी हवं: मुलाला एकटं सोडायचं नाही, सरळ, शांत शब्दांत विचारायचं (विचारल्याने विचार डोक्यात येतो ही समजूत चुकीची आहे), पालकांना त्याच दिवशी समोर बोलावून घरातली धोक्याची साधनं मुलाच्या आवाक्याबाहेर ठेवायला सांगायचं, आणि रुग्णालयाचं नाव ठरलेलं. केईएम, नायर, सायन, कूपर इथे मानसोपचार विभाग आहेत आणि शुल्क नाममात्र. ओपीडी सकाळची असते, म्हणून संध्याकाळी काही घडलं तर सरळ अपघात विभागात. शाळेत अशी दुर्घटना घडलीच, तर प्रार्थनेच्या वेळी तपशील, मोठा फोटो, भाषणं नकोत. वर्गावर्गांत, छोट्या गटांत, मोजक्या शब्दांत सांगायचं आणि जवळच्या मित्रमैत्रिणींवर लक्ष ठेवायचं.

पालकांचं एक सत्र पॅकेजमध्ये असतं, बुधवारी सकाळी अकराला. त्याला येतात त्यांना गरज कमी असते. रविवारी सकाळी किंवा रात्री आठला, पाऊण तास, पालकांच्या भाषेत ठेवा. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि मूल बोलत असताना पाच मिनिटं सल्ला न देता ऐकायचं, या दोन गोष्टी पोचल्या तरी खूप झालं.

ॲप

थोडक्यात. घरात फोन एक, तो आईचा किंवा मोठ्या भावाचा. मुलाने मनातलं लिहिलं की ते कोण वाचेल याचा भरवसा नाही. आशय इंग्रजी, आवाज परदेशी. अठरा वर्षांखालच्यांची माहिती गोळा करायला २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे पालकांची पडताळता येणारी संमती लागते; शाळेने परस्पर याद्या अपलोड करून ती मिळत नाही. समुपदेशक आहे, खोली आहे, पेटी चालू आहे, आणि तरी पैसे उरलेत, तर बघा.

फुकटातलं, जे आधी वापरावं

टेलिमानस, १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची ही सेवा चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतही आहे. आधी भाषा निवडावी लागते, मग समुपदेशकाशी बोलणं होतं, गरज पडली तर पुढे तज्ज्ञाकडे. मुलांना हा क्रम आधी सांगितला नाही तर मशीनचा आवाज ऐकून ती फोन ठेवतात. एकदा सत्रात स्पीकरवर लावून निवडीपर्यंत ऐकवा. आईच्या फोनमध्ये नंबर दिसेल ही भीती खरी आहे, तेव्हा शाळेतून फोन करायची सोय ठेवा.

१०९८ ही मुलांसाठीची मदतसेवा तर मुंबईचीच. १९९६ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाली आणि आता सरकारी यंत्रणा ती चालवते. मारहाण, बालमजुरी, हरवलेलं मूल, बालविवाह यासाठी ती, मन मोकळं करण्यासाठी १४४१६. हा फरक शिक्षकांनाही माहीत नसतो. दोन्ही नंबर डायरीच्या मागच्या पानावर, ओळखपत्राच्या पाठीवर आणि मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा.

उपयोग झाला की नाही, हे कसं कळणार

विक्रेत्याचा अभिप्राय फॉर्म बाजूला ठेवा. सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी एक साधी चाचणी घ्या. अर्धा कागद, मुलाचं नाव लिहायचं नाही, फक्त इयत्ता आणि तुकडी. प्रश्न एकच: ‘मोठी अडचण आली तर या शाळेतल्या कोणत्या मोठ्या माणसाकडे जाशील? नाव लिही. कुणी नसेल तर कोरा ठेव.’ दहा मिनिटं पुरतात. कागद वर्गशिक्षकाने नाही, समुपदेशकाने गोळा करायचे. कोरे किती ते मोजा. चाळीसपैकी पंधरा कोरे असतील तर ते पंधरा हे तुमचं काम. आणि एकाच बाईंचं नाव पंचवीस वेळा आलं असेल तर कौतुकाआधी त्यांच्या तासिका कमी करा, नाहीतर त्या वर्षभरात थकतील. शिपाई, ग्रंथपाल, पीटीचे सर यांची नावं हमखास येतात. त्यांना प्रशिक्षणाला बसवणारा कार्यक्रम क्वचितच सापडतो. सापडला तर तोच घ्या.

सोबत आपणहून भेटायला आलेल्या मुलांची दरमहा संख्या ठेवा. ती वाढली तर घाबरू नका, सुरुवातीला ती वाढायलाच हवी.

पैसे देताना एकरकमी देऊ नका. एक तृतीयांश सुरुवातीला, एक तृतीयांश सहामाहीच्या आधी ठरलेली सत्रं झाल्यावर, उरलेले तीन महिन्यांनंतरची चाचणी आणि दोन परतभेटी झाल्यावर. सत्र घेणारा माणूस मध्येच बदलणार नाही, बदललाच तर नव्या माणसासोबत दोन सत्रं तो स्वतः हजर राहील, ही अट करारात लिहून घ्या. मुलं नुकती बोलायला लागलेली असतात आणि ताई बदलते, ही तक्रार या धंद्यात सगळ्यात जास्त ऐकू येते.